वहीप्रमाणे सहा जण आत, खरं तर एकच – आणि तो वहीत नव्हता

कुपवाडचं_गेट
मंडळी, कुपवाड एमआयडीसीत एका कोल्ड स्टोअरेजचा कारभार बघतो. बेदाणा आणि थोडी हळद. नाव विचारू नका, आमचे मालक इथं गुपचूप वाचत असतात अशी मला दाट शंका आहे.

गेल्या बुधवारी दुपारी मशीन रूममधल्या एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, अमोनिया (थंडाव्यासाठी वापरतो तो गॅस) सुटला. फार नाही, ऑपरेटरनं दहा मिनिटांत लाईन बंद केली. पण वास लॉबीपर्यंत आला, डोळे चुरचुरायला लागले, सायरन दिला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. गेटसमोर लिंबाचं झाड आहे, तिथं उभं केलं. दिवाळीच्या तोंडावरचे दिवस, त्यामुळं बेदाण्याचे खरेदीदार, अडत्यांची माणसं, सॅम्पल बघायला आलेले शेतकरी, ट्रकवाले अशी सगळी जत्राच होती.

आमची माणसं हजेरीप्रमाणे चौतीस. मोजली, चौतीस भरली. बाहेरच्यांची वही आणली, तर 'आत' म्हणून अकरा नावं. झाडाखाली पाच. राहिले सहा कुठं? माझ्या पोटात गोळा आला. ऑपरेटर बिचारा मास्क चढवून परत आत गेला, तिन्ही चेंबर बघून आला. कोणी नाही. मग एकेकाला फोन लावले. एक तासगावात सौद्याला बसलेला, एक घरी जेवत होता, एक म्हणाला, "मी तर सकाळी साडेदहालाच गेलो की." सहाच्या सहा सकाळीच गेलेले. आत येताना नाव लिहिलं, जाताना कोणी लिहिलंच नाही. वहीत 'बाहेर'चा रकाना आहे, आणि तो कोरा आहे. मागची पानं चाळली तर तीन महिने कोरा.

सुटलो म्हणून हुश्श करतोय, तेवढ्यात वरच्या माळ्यावरच्या ऑफिसचं दार उघडून मालकांचे मेव्हणे डोळे चोळत जिन्यातून खाली आले. "एवढी गर्दी का झालीय?" एसी लावून, दार ओढून दुपारची झोप काढत होते. त्यांचं नाव वहीत नाही, कारण त्यांची गाडी दिसली की आमचे वॉचमन मामा गेट उघडून सलामच करतात. त्यांना नाव विचारायची कुणाची छाती?

म्हणजे जे नव्हते त्यांना शोधायला माणूस गॅसमध्ये पाठवला, आणि जो होता त्याची आठवणही कुणाला झाली नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

मालक म्हणतात, "ॲप घे एखादं." मामा एकसष्ट वर्षांचे आहेत, बारा तासांची ड्युटी, फोन बटणांचा. तुमच्याकडं गेटवर काय पद्धत आहे, जरा खरंखरं सांगा. ब्रोशरमधलं नको.

तंबोरेवाला
मिरजेत आमच्या कारखान्यात पद्धत अशी आहे की जो येतो त्याला चहा मिळतो आणि चहा संपल्याशिवाय कोणी जात नाही. कप मोजले की माणसं मोजली.
गंमत सोडा, मेव्हण्यांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

सुभेदार_सातारा
फौजेत अठ्ठावीस वर्षं, आता शिरवळ भागात एका कारखान्याची सिक्युरिटी बघतो. आधी तीन प्रश्न.

एक, वारा कुठून होता? झाड मशीन रूमच्या वाऱ्याखाली असेल तर तुम्ही माणसं सुरक्षित जागी नेली नाहीत, गॅसच्या वाटेवर उभी केलीत. जमायच्या जागा दोन लागतात, विरुद्ध दिशांना. छतावर कापडी पिशवी लावा, वारा कुठं चाललाय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

दोन, ऑपरेटर एकटा आत कसा गेला? आणि कोणता मास्क? फिल्टरचा डबा लावलेला असेल तर तो थोड्या गॅसपुरता आणि थोड्या वेळापुरता. आत किती गॅस आहे हे माहीत नसताना पाठीवर हवेची टाकी असलेला सेटच लागतो, आणि जोडीनं जायचं, तिसरा दारात. अमोनिया ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) वर गेला की तो जिवावर बेतणारा धरतात. तुमच्या वहीतल्या सहा भुतांनी एका जिवंत माणसाला मारलं असतं.

तीन, सायरन झाल्यावर वही कोणी आणली? मामांनी स्वतःहून आणली, की कोणीतरी परत आत जाऊन आणली?

उत्तरं द्या, मग पद्धत सांगतो.

कुपवाडचं_गेट
सुभेदार साहेब, लाज वाटते पण सांगतो. वारा पश्चिमेचा होता आणि झाड पूर्वेला आहे. मास्क फिल्टरवालाच, आणि डब्यावरची तारीख अजून बघितलेली नाही. वही मी आणली, केबिनमध्ये परत जाऊन.

सुभेदार_सातारा
तीनही चुका कबूल करणारा मॅनेजर पहिल्यांदा बघितला. आता ऐका.

वही हा पुरावा असतो, मोजणी नव्हे. मोजणीला टोकन लागतं. कोळशाच्या खाणीत, खाली उतरणाऱ्यांना दिवे देतात त्या खोलीत, जी पद्धत आहे तीच. फळीवर नंबर घातलेले तीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर टोकन. माणूस आत गेला की टोकन त्याच्याकडं, जाताना परत खिळ्यावर. रिकामा खिळा म्हणजे आत माणूस. मामांना वाचायची, हिशेब करायची गरज नाही. सायरन झाला की फळी उचलायची आणि चालू लागायचं. म्हणून फळी हलकी हवी, भिंतीत ठोकलेली नको.

आणि पहिलं टोकन मालकानं घ्यायचं. सगळ्यांसमोर, गाडीची काच खाली करून. हे झालं नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मालकाचा मेव्हणा मोजणीतून मामांमुळं सुटला नाही, मालकामुळं सुटला.

तुमच्याकडं न लिहिले जाणारे अजून असणार. चहावाला पोरगा, भंगारवाला, एसीचा मेकॅनिक. एक दिवस स्वतः खुर्ची टाकून गेटवर बसा आणि मोजा.

कोडकर
मूळचा विश्रामबागचा, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. २०२५ संपत आलं आणि आपण खिळे ठोकतोय? क्यूआर कोड लावा, पाहुणा फोनवर नाव-नंबर भरेल, ओटीपी येईल, ज्याला भेटायचंय त्याला मेसेज जाईल, तो हो म्हणाला की गेट उघडायचं. आत किती माणसं आहेत ते डॅशबोर्डवर एका क्षणात दिसतं. महिन्याला फार खर्चही नाही.

स्टेअरिंग
मी ट्रक चालवतो. तासगाव-सांगलीचा बेदाणा भरून कुठंकुठं नेतो. कोडकर दादा, तुमचा ओटीपी येईपर्यंत माझा नंबर लायनीत मागं जातोय. परवा एका कंपनीच्या गेटवर रेंज न्हाई म्हणून मला रस्त्याच्या पलीकडं जाऊन ओटीपी घेऊन या म्हणाले. आलो तर त्याची मुदत संपली. परत गेलो. आमच्यातले निम्मे ड्रायव्हर तमिळनाडूचे, आंध्राचे. त्यांना त्या फोनवरचं मराठी वाचता येत न्हाई, इंग्रजी बी न्हाई.

आणि आता गेटचा विषय निघालाच हाय तर माझंबी ऐका. गेटवर आमचं लायसन काढून घेत्यात. कशाला? तर म्हणे परत जाताना देतो. एकदा रात्री अडीचला गाडी भरून झाली, लायसन मागितलं तर कपाटाला कुलूप आणि किल्ली घेऊन दिवसपाळीचा वॉचमन घरी. सकाळी आठला आला. साडेपाच तास भरली गाडी घेऊन बसलो. नाव घेत न्हाई, पुढच्या महिन्यात तिथंच भरायला जायचंय.

सात-सात तास थांबवायचं, पाणी न्हाई, संडास न्हाई, आणि कुंपणाकडंला गेलं की वॉचमन शिट्टी मारतोय. आम्ही पाहुणे हाय का चोर, तेवढं ठरवा आधी.

कुपवाडचं_गेट
स्टेअरिंगभाऊ, आमच्याकडंही लायसन ठेवून घेतात. लिहिताना बरं वाटत नाहीये. उद्यापासून बंद.

वकीलपेठ
धाग्यात शिरतो. सल्ला फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका.

लायसन, आधार किंवा कुठलंही मूळ ओळखपत्र जप्त केल्यासारखं ठेवून घ्यायचा अधिकार गेटवरच्या माणसाला नाही. बघा, नाव जुळवा, परत द्या. आधारची झेरॉक्स मागायची सवयही सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर खासगी कंपन्यांना आधारचा आग्रह धरण्यापासून बरंच मागं यावं लागलं. कोणी स्वखुशीनं देतच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार पुरतं.

चोर सापडला तर? गार्ड म्हणजे पोलीस नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम ४० नुसार कोणाही खासगी माणसाला, त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा झाला तर, पकडता येतं. पण विनाकारण वेळ न लावता, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. संशयावरून केबिनमध्ये कोंडून "कबूल कर" म्हणत बसलात तर गुन्हा तुमच्यावर. मी अशी एक केस लढवलीय, पेटी होती द्राक्षांची आणि खर्च झाला दोन वर्षांचा.

गार्ड एजन्सीकडून घेत असाल तर खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे, लायसन मागून बघा. त्याखालच्या २००६ च्या आदर्श नियमांत गार्डला १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण सांगितलं होतं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना कमी. तुमच्या मामांना किती तास मिळाले, विचारा.

कुपवाडचं_गेट
विचारलं. मामा म्हणाले, "शर्ट दिला आणि शिट्टी दिली."

खिडकीवाली
मी सांगलीत एका फर्ममध्ये रिसेप्शनला आहे, त्याआधी दोन ठिकाणी. एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही.

तुमच्या त्या वहीत नाव, गाव, मोबाईल नंबर, कोणाला भेटायचं, सगळं उघडं असतं. मी एकदा नोकरीच्या मुलाखतीसाठी एका ठिकाणी गेले, गेटवरच्या वहीत लिहिलं आणि आत गेले. संध्याकाळपासून अनोळखी नंबरवरून मेसेज. "मॅडम सिलेक्शन झालं का? मी आज तुमच्या मागंच होतो." माझ्याखालच्या ओळीत ज्यानं नाव लिहिलं त्यानंच नंबर उचललेला. मी नंबर बदलला. ती नोकरी मिळत होती, घेतली नाही.

आता माझ्या टेबलावर वही नाही. एकेका माणसाची एकेक चिठ्ठी, लिहून झाली की खाचेतून पेटीत. ज्यांना वहीच हवी त्यांनी एक पुठ्ठा घ्या, त्यात एका ओळीएवढी खिडकी कापा आणि पानावर ठेवा. आपली ओळ दिसते, वरच्या कुणाची दिसत नाही. पुठ्ठा खाली सरकवत जायचा. बिस्किटाच्या बॉक्सचा पुठ्ठा चालतो. मी तोच वापरायचे.

आणि बाईची पर्स तपासायला बाईच हवी. "आमच्याकडं लेडी गार्ड नाही" असेल तर तपासू नका.

वकीलपेठ
ताई, बरोबर बोललात. आणि हे सगळ्यांनी ध्यानात घ्या की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा फक्त तिथं नोकरीला असणाऱ्या बाईसाठी नाही. मुलाखतीला, माल बघायला, बिल द्यायला आलेल्या बाईलाही तक्रार करता येते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं.

नंबरांबद्दल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. कागदावरची माहिती कागदावरच राहिली तर हा कायदा तिला लागत नाही. पण वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात की ती डिजिटल झाली. कोडकरांच्या ॲपला तर पहिल्यापासूनच लागू. कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, गरजेपुरतंच घ्यायचं, गरज संपली की पुसायचं. दंडाची वरची मर्यादा २५० कोटी आहे. तुमच्या कोल्डला तेवढा कोणी लावणार नाही, पण आकडा मालकांना जरूर वाचून दाखवा.

कोडकर
मान्य. गेटवर ओटीपी हा माझा उत्साह होता. तरी एक सांगतो. ज्यांचं येणं आधी ठरलेलं असतं, ऑडिटर, बँकवाले, परगावचे खरेदीदार, त्यांची यादी आदल्या संध्याकाळी मामांच्या हातात असली तर गेटवरचा निम्मा गोंधळ कमी होतो. त्याला ॲप लागत नाही, कागदही चालेल.

हळदपेठ
मार्केट यार्डात आमची अडत आहे. तुमच्याकडं माणसं आत किती हा प्रश्न, आमच्याकडं आत आलेला खरा कोण हा.

२०१९ च्या ऑगस्टचा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं गोडाऊन बुडालं. पाणी उतरल्यावर चिखल उपसत होतो तर एक जण आला. गळ्यात निळा पट्टा, त्याला फोटोचं कार्ड, हातात फाईल, पायात गमबूट. "विम्याचा सर्व्हे." आम्ही त्याला खुर्ची पुसून दिली हो! चहा पाजला. पोत्यांचे फोटो काढले, मागचा दरवाजा कुठं, कुलूप कसलं, रात्री कोण झोपतं, सगळं विचारून गेला. चौथ्या दिवशी खरा सर्व्हेअर आला, तेव्हा कळलं पहिला कोणीच नव्हता. नुकसान झालं नाही, कारण न्यायला कोरडं काही उरलंच नव्हतं. पण गळ्यात पट्टा असला की आपण विचारत नाही हे तेव्हा समजलं.

आता मीटरवाला असो की फायरवाला, कार्ड बघतो, आणि त्याच्या कार्डावरच्या नंबरला फोन करत नाही. आपल्या जुन्या बिलावर किंवा पॉलिसीवर ऑफिसचा जो नंबर आहे त्याला करतो. खरा माणूस त्या दोन मिनिटांचा राग धरत नाही.

वकीलपेठ
एक पुस्ती. खरा सरकारी निरीक्षक असेल तर खात्री करा, पण अडवून ठेवू नका. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणून गेटवरून परत पाठवणं पुढं महागात पडतं. टोकन मात्र त्यांनाही द्या, गॅस हुद्दा बघत नाही.

कुपवाडचं_गेट
सुभेदारांनी सांगितल्याप्रमाणे शनिवारी गेटवर खुर्ची टाकून बसलो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. वहीत एकोणीस नोंदी. मी मोजलेली माणसं त्रेचाळीस.

चहावाला पोरगा चार वेळा. हमालांचे डबे घेऊन येणारी दोन पोरं. ट्रक आत येताना गेट उघडलं की त्याच्या आडोशानं सुळकन आत येणाऱ्या तीन मोटरसायकली. मामा ट्रकचा नंबर लिहितायत तोवर त्या चेंबरपाशी. क्लीनर तर कोणी मोजतच नाही, जणू तो गाडीचा पार्ट आहे.

आणि मग मागचं गेट. प्लॉटच्या कोपऱ्यात म्हसोबा आहे, एमआयडीसी व्हायच्या आधीपासूनचा. दर अमावस्येला आजूबाजूची माणसं नारळ घेऊन येतात म्हणून मागचं छोटं गेट उघडं ठेवायचं, आणि मग ते महिनाभर उघडंच राहतं. म्हसोबाला येणाऱ्यांना अडवायचं कुणी? मामा म्हणाले, "साहेब, त्यांना विचारायचं तर तुम्ही विचारा, मला पोरंबाळं हायत."

मधल्या वेळात मामा गेटवर नव्हते असे तीन प्रसंग. एकदा बागेला पाणी घालायला, एकदा मोटर चालू करायला, एकदा मालकांच्या घरून भाजीची पिशवी आली ती वर द्यायला. तिन्ही कामं आम्हीच सांगितलेली.

कॅमेरे आठ आहेत. गेटवरचा पश्चिमेकडं तोंड करून आहे, दुपारी चारनंतर त्यात सूर्य सोडून काही दिसत नाही. घड्याळ चाळीस मिनिटं मागं. आणि ज्या डब्यात रेकॉर्डिंग होतं तो मामांच्या केबिनमध्ये टेबलावर, त्यावर पाण्याचा जग ठेवलेला.

तंबोरेवाला
म्हसोबानं इतकी वर्षं राखलं, तुम्ही कॅमेऱ्याला श्रेय देत होता.

सुभेदार_सातारा
म्हसोबासाठी कुंपण आत घ्या. देवापुरता कोपरा बाहेर सोडा, त्याचं गेट त्याला, तुमचं तुम्हाला. आमच्याकडं एका पिराच्या बाबतीत हेच केलं, गावकऱ्यांनी उलट सत्कार केला.
भाजीची पिशवी बंद करा. गेटवरचा माणूस गेट सोडून जाणार असेल तर गेट बंद करून जाईल, एवढा एकच लेखी हुकूम द्या आणि खाली मालकांची सही घ्या.

कुपवाडचं_गेट
महिना झाला, म्हणून परत लिहितोय.

फळी केली. तीस खिळे, प्लास्टिकची पिवळी टोकनं. मालकांनी पहिल्या दिवशी एक नंबरचं टोकन घेतलं, मी फोटो काढला, खुश झाले. मेव्हणे दुसऱ्या दिवशी काच खाली करायला तयार नव्हते. मामांनी गेट उघडलं नाही. दोन मिनिटं हॉर्न. मग मालकांनीच वरून खिडकीतून ओरडून सांगितलं, "टोकन घे की रे!" तो दिवस मामांच्या आयुष्यातला मोठा दिवस होता बहुतेक, संध्याकाळी पेढे होते केबिनमध्ये.

दुसरी जमायची जागा पश्चिमेच्या भिंतीजवळ केली, पिशवी छतावर लावली. मास्कचे डबे मुदत संपलेले निघाले, ते बदलले. हवेच्या टाकीचे दोन सेट मागवलेत. मागच्या कुंपणाचं काम चालू आहे. ड्रायव्हरांसाठी गेटच्या आत उजव्या बाजूला संडास आणि पाण्याची टाकी, हे मालकांकडून मंजूर व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण विचारू नका.

मग ड्रिल घेतलं. न सांगता. फळी झाडाखाली आली, सात खिळे रिकामे, पाहुणे सात. चार मिनिटांत मोजणी पूर्ण. मी खुशीत सुभेदारांना मेसेज टाकला. त्यांचा उलटा प्रश्न, "मामांना कोणी मोजलं?"

कोणीच नाही. मामा एजन्सीचे, त्यांची हजेरी एजन्सीच्या ऑफिसात, आमच्या मस्टरवर नाहीत आणि पाहुणेही नाहीत. तसेच झाडूवाल्या दोघी, ठेकेदाराच्या. तिघांना तीन लाल टोकनं केली.

आता अडचण. टोकनं खिशातून जातात. तीस होती, बावीस उरली. एक तासगावला सापडलं, एक हुबळीला गेलंय, ड्रायव्हरचा फोन आला होता, "पुढच्या फेरीला आणतो."

स्टेअरिंग
ते माझ्याकडं बी एक हाय राव. सोळा नंबर. डॅशबोर्डवर लावलंय. आणून देतो. संडास केला ते लई बरं केलं.

खिडकीवाली
टोकन खिशात मावतं म्हणून जातं. मावणार नाही एवढं मोठं करा. आमच्या इथं टॉयलेटच्या किल्लीला लाटणं बांधलंय, पाच वर्षांत हरवलं नाही.

तंबोरेवाला
आता माझं काम आलं. आमच्याकडं तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, त्यातले काही वाटेत तडकतात. तडकलेल्या भोपळ्याला सूर नसतो, पण टाकवतही नाही, माळ्यावर ढीग पडलाय. त्याचे वितीएवढे तुकडे कापून, लाख लावून, नंबर घालून देतो. वजनाला हलका, फळीवर दोरीनं टांगता येईल. आणि भोपळा खिशात घालून हुबळीला जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

कुपवाडचं_गेट
खरंच सांगताय? कितीला?

तंबोरेवाला
भोपळ्याचे पैसे नाहीत, लाखेचे द्या. तेहतीस करतो, तीस पिवळे, तीन लाल. मामांचा लाल जरा मोठा करू का?

कुपवाडचं_गेट
मामांना विचारलं. म्हणाले, "नको, बाकीच्यांएवढाच करा. फक्त नंबर मराठीत घाला."

तंबोरेवाला
गुरुवारी मिरज स्टेशनजवळ कोणाला तरी पाठवा. पोतं मोठं आणा.